चौथ्या गाण्यात झांज नाही

४ सप्टेंबर, बुधवार

दिव्यानी आज सकाळच्या गाडीने पुण्याला परत गेली. पोळ्याला म्हणून चार दिवस आली होती. चार दिवसांत तिने आमच्या टीव्हीचा आवाज साठावरून वीसवर आणला. वीसवर मालिकेतले लोक नुसते तोंड हलवतात. मी म्हटलं, आजकालचे नट पुटपुटतात. त्यावर ती माझ्याकडे बघत राहिली. पुण्याच्या एका स्टुडिओत आवाजाचं काम करायला लागल्यापासून जगातला सगळा आवाज आपल्याच मालकीचा आहे असं तिला वाटतं.

ही डायरी तिनेच दिली. पहिल्या पानावर माहिती भरायची जागा आहे. नाव: हेमराज. मुक्काम: आरमोरी. व्यवसाय: वडशाच्या नाटक कंपनीत ढोलक आणि ऑक्टोपॅड, दिवाळी ते होळी, अठ्ठावीस सीझन. रक्तगट: बायकोला, भागीरथाला विचारावा, आयुष्यभर तिनेच प्यायलं आहे.

डायरीसोबत एक हेडफोन, आणि मोबाईलमध्ये टाकलेली नऊ गाणी. "बाबा, रोज एक आयका. काय काय आयकू येते ते लिवून ठेवा. कोणतं वाद्य, कुठून येते, सगळं. मग मले फोनवर वाचून दाखवा."

मी विचारलं, "कायले?"

"तुमच्यासारखा जाणकार मले पुण्यात कुठी भेटते?"

हे मात्र खरं आहे.

५ सप्टेंबर, गुरुवार

गाणी करणारा टोबी नावाचा इंग्रज आहे. आडनाव उच्चारायला वेगळे दात लागतात. बाविसाव्या वर्षी, घरातल्या एका खोलीत बसून, यंत्रावर त्याने ही नऊ गाणी जोडली. पुढे तो मोठा झाला आणि मग बिघडला, असं दिव्यानी म्हणते. म्हणजे इंग्लंडातही क्रम तोच आहे. या प्रकाराला ड्रम अँड बेस म्हणतात. ढोल आणि खर्ज. नाव ठेवताना फारसा विचार केलेला दिसत नाही. शिवाय यात जाझ मिसळलेला आहे. जाझ म्हणजे ज्यात प्रत्येक जण आपल्या मनाचं वाजवतो आणि शेवटी सगळे एका ठिकाणी पोचतात. आमच्याकडे याला पहिल्या दिवसाची तालीम म्हणतात. फक्त आमच्यात शेवटी कोणी पोचत नाही.

पहिलं गाणं: मूल गावच्या राईस मिलमध्ये पट्टा सुटल्यावर यंत्र जसं धावतं तसा ढोल. मिनिटाला एकशे सत्तर ठोके. कुठे जायची घाई आहे ते शेवटपर्यंत कळत नाही. त्याच्याखाली मात्र एक जाड, लाकडी आवाज सावकाश चालतो. माणसाएवढं व्हायोलिन उभं करून बोटांनी वाजवतात, ते. वर सगळे पळताहेत आणि हा एकटा जेवून शतपावली करतो आहे. हा माणूस मला आवडला. बाकी कचरा.

८ सप्टेंबर, रविवार

भागीरथाने बाजारातून सूप आणायला सांगितलं. मी तूप आणलं. ती घरातून अंगणापर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. आधीची एकोणीस ही बाई हळू बोलायची, गेली सात वर्षं ओरडते. वयाने स्वभाव बिघडतो.

दिव्यानीचा फोन आला. मी तीन गाण्यांचं माझं मत वाचून दाखवलं. तिने मताबद्दल काहीच विचारलं नाही. तिचे प्रश्न भलतेच.

"दुसऱ्या गाण्यात बासरी आहे. कोणत्या कानात आहे, बाबा?"

"बासरी नाई. सॅक्सोफोन आहे, मधोमध."

"सॅक्सोफोन आहेच. बासरी?"

"दिव्यानी, मी अठ्ठावीस वर्स वाजवून राह्यलो. बासरी असती तर मले दिसली नसती का?"

ती म्हणाली, "बरं बाबा." पुण्यात राहून तिचे कान बिघडले असावेत. वाहतूक फार आहे तिथे.

११ सप्टेंबर, बुधवार

चौथं गाणं.

या गाण्याबद्दल मला जरा व्यवस्थित लिहायचं आहे. टोबी, तुझ्याबद्दल मी पहिल्या दिवशी जे लिहिलं ते थोडं मागे घेतो. सगळं नाही.

या गाण्यात झांजच नाही. एवढ्या वेगाचा ढोल, आणि त्याला धरून ठेवणारी, मात्रा मोजून देणारी झांज काढून टाकली आहे. बाविसाव्या वर्षी ही हिंमत! आमच्या वादकांना झांज काढ म्हटलं तर ते वारल्यासारखे बसतील. इथे नुसती जाड थाप पडते, मध्ये पोकळी सुटते, त्या पोकळीत खर्जाचं व्हायोलिन पाऊल ठेवतं आणि पुढची थाप पडेपर्यंत आपल्याला वाटतं की आता हा पडला. पडत नाही. मागे कुठेतरी पियानोवर कोणीतरी दोन सूर दाबून विचार करत बसलेलं आहे. सहा मिनिटं मी जागचा हललो नाही. भागीरथा समोर येऊन चहा ठेवून गेली म्हणे. गार झाल्यावर कळलं.

फोनवर दिव्यानीला हे सगळं वाचून दाखवलं.

"झांज नाई?" तिने विचारलं.

"नाई."

"जराशीही नाई? दूर, बारीक?"

"अवो नाई म्हणतो ना. तीच तर त्याची कमाल आहे."

तिने तो भाग पुन्हा एकदा वाचायला लावला. मग म्हणाली, खूप छान लिहिलंत. आवाज भरल्यासारखा होता. सर्दी झाली असेल. निदान एका माणसाला तरी माझं रसग्रहण भिडलं.

१४ सप्टेंबर, शनिवार. वडसा

नव्या नाटकाची तालीम सुरू झाली. कंपनीचे मालक दादाजीभाऊ यांनी या वर्षी नवी नायिका आणली आहे, उर्वशी. रडायला चांगली आहे, पण बोलताना शब्द पदरात बांधून ठेवते. तिच्या "जाते मी" या वाक्यावर मला ढोलक उचलायची, म्हणजे वाजवायला सुरुवात करायची आहे. तिने ते वाक्य तीनदा म्हटलं, असं तिचं म्हणणं. मी तिन्ही वेळा ओठांकडे बघत बसलो.

दादाजीभाऊ म्हणाले, "हेमराजभाऊ, या साली निकेशले बाजूले बसवू. मदतीले."

निकेश तीस वर्षांचा आहे. आधी लग्नाच्या बँडमध्ये पॅड वाजवायचा. नम्र आहे, हीच त्याची चलाखी. तो लगेच येऊन बसला आणि उर्वशीच्या वाक्यावर त्याने हळूच माझ्या गुडघ्याला हात लावला. मी ढोलक उचलली. बरोबर आली. सगळ्यांनी वाहवा केली. मी त्याचा हात झटकून टाकला.

मदतीला माणूस बसवणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. अठ्ठावीस वर्षांपूर्वी लच्छूभाऊंच्या मदतीला मला बसवलं होतं. पुढच्या सीझनला लच्छूभाऊ नव्हते.

१६ सप्टेंबर, सोमवार

चौथं गाणं अकरा वेळा. ढोलकीवर ते बसवायचा प्रयत्न करतो आहे. तिसऱ्या मात्रेनंतर तो एक दबकी थाप ठेवतो, बोट टेकल्यासारखी. ती सोडली तर सगळं राईस मिल होतं. ठेवली की माणूस होतो.

दिव्यानीने आज सांगितलं की हा ढोल टोबीने वाजवलेलाच नाही. कुणा जुन्या अमेरिकन वादकाचे पाच-सहा सेकंद त्याने एका रेकॉर्डवरून उचलले, यंत्रात घातले, भाजी चिरतात तसे चिरले आणि पुन्हा जोडले. दबकी थाप त्या वादकाची. मी त्याचं नाव विचारलं. "कोणाले माहीत नाई, बाबा. रेकॉर्डवर फक्त गाणाऱ्याचं नाव होतं."

आमच्या नाटकाच्या पोस्टरवर मी "व इतर" मध्ये असतो. अठ्ठावीस वर्षं झाली. इतर मंडळींत ओळखीचा माणूस निघाला, बरं वाटलं.

२० सप्टेंबर, शुक्रवार

हे लिहावं की नाही, याचा विचार करून शेवटी लिहितो आहे. भागीरथाला माझं अक्षर लागत नाही.

सकाळी धानाला पाणी बघायला नहराकडच्या बांध्यांत, कालव्याजवळच्या आमच्या भातखाचरांत, गेलो. पलीकडच्या रस्त्यावर आमच्या शेजारचा दसरू उभा होता. तो डोक्यावर दुपट्टा फिरवू लागला. मीही हात केला. त्याने आणखी जोरात फिरवला. मी दोन्ही हात केले. म्हटलं, सीझन जवळ आला की लोकांना कलावंताचं प्रेम येतं. त्याच्याजवळ जंगलखात्याचे दोघे जण होते, गाल फुगवून काहीतरी चघळत होते. मी बांधावरून सावकाश पुढे गेलो.

दसरू लांबून वळसा घालून मोटारसायकलवर आला आणि त्याने माझी कॉलर धरून मला मागे बसवलं. पक्क्या रस्त्यावर आणून सोडलं आणि माझ्या तोंडावर ओरडला.

"कवापासून बोंबलून राह्यलो! वाघीण बसून होती ना धानात! तू सरळ तिकडंच चाललास! गार्ड सिट्ट्या मारून मारून थकले!"

ते चघळत नव्हते. शिट्टी वाजवत होते.

माझ्यापासून तीसेक पावलांवर ती होती. रस्त्यावर तीस-चाळीस माणसं जमली होती आणि सगळी ओरडत होती, असं कळलं. मी म्हटलं, कानात हेडफोन होता. लोक म्हणाले, आग लागो त्या गाण्याले.

हेडफोन शर्टाच्या खिशात होता. त्याची बॅटरी सकाळीच संपली होती.

२१ सप्टेंबर, शनिवार

काल शर्ट धुवायला घेताना भागीरथाने खिशातला हेडफोन काढून बघितला. आज जेवायला वाढून समोर बसली.

"अजी, हेडफोन बंद होता ना?"

मी भात कालवत राहिलो.

"मी सात वर्सापासून जोरानं बोलून राह्यली. तुमाले वाटते मी भांडते. मी भांडत नाई होती. तुमाले आयकू यावं म्हणून बोलत होती. दिव्यानीले मीच सांगतलं पोळ्याले." एवढं बोलून ती हात धुवायला उठली. हे सगळं तिने माझ्या तोंडासमोर तोंड आणून, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. मला सगळं ऐकू आलं.

माझ्या मते तिने उगाच वाढवलं आहे. दसरूचा आवाज मुळातच बारीक आहे.

२२ सप्टेंबर, रविवार

दिव्यानी न सांगता आली. पाय धुवायच्या आधीच म्हणाली, "बाबा, मी तुमाले फसवलं. तुमचं मत नाई पाह्यजे होतं मले. तुमाले काय आयकू येते ते पाहून राह्यली होती. या अल्बमात सगळ्यात बारीक आवाजापासून सगळ्यात जाड आवाजापर्यंत सगळं आहे, म्हणून हाच देल्ला. डाक्टरकडं तुमी गेले नसते."

म्हणजे मी परीक्षेचा पेपर सोडवत होतो आणि त्याला रसग्रहण समजत होतो.

मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. पुण्याचा, शिक्षणाचा आणि तिच्या आईच्या माहेरचा उद्धार त्यात आला. ती शांतपणे लॅपटॉप उघडून बसली. चौथं गाणं पडद्यावर पसरलं. वरच्या बाजूला बारीक उभ्या रेघा होत्या, कंगव्याच्या दातांसारख्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"ही झांज. एका आवर्तनात सोळा. कुठीच थांबत नाई."

मी म्हटलं, "यंत्र काहीपण दाखवते."

"मंग आईले विचारा."

भागीरथाला संगीतातलं काही कळत नाही, हे मी सव्वीस वर्षं चारचौघांत सांगत आलो आहे. दिव्यानीने तिच्या कानांवर हेडफोन ठेवला. आधी ती दचकली. मग मान वाकडी करून ऐकू लागली, आणि तिच्या हाताचं एक बोट मांडीवर बारीक बारीक हलायला लागलं. सोळा. मी मोजले.

"पैंजण बांधून कोणीतरी पळून राह्यलं," ती म्हणाली. "थांबतच नाई बापा."

मी उठून मागच्या अंगणात गेलो. बराच वेळ तिकडेच होतो.

२३ सप्टेंबर, सोमवार

टोबी अजिबात हिंमतवान नाही. इतरांसारखाच आहे.

२६ सप्टेंबर, गुरुवार. गडचिरोली

दिव्यानीने शेवटी नेलंच. कानांची तपासणी झाली. एका डबीएवढ्या खोलीत बसवतात आणि आवाज आला की बटण दाबायला सांगतात. आधी जाड आवाज आले, मी पटापट दाबले. मग बराच वेळ त्यांनी काही वाजवलंच नाही. मी काचेतून बघितलं तर तपासणाऱ्या बाई वाजवतच होत्या. दिव्यानी त्यांच्या मागे उभी होती. तिने मान फिरवली.

बाईंनी आलेख दाखवला. डावीकडे, जाड आवाजांपाशी, रेघ ठीक चालते आणि मध्यावर आल्यावर दरीत उडी मारते, दोन्ही कानांची. "मोठ्या आवाजाजवळ काम करता का?" मी म्हटलं, कंपनीचा स्पीकर डोक्यापासून दोन हातांवर असतो, सहा तास, अठ्ठावीस वर्षं. बाईंनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं होतं वय विचारतील आणि सोडून देतील. गेलेलं परत येत नाही म्हणाल्या. उरलेलं सांभाळा. कानात यंत्र बसवावं लागेल.

परत येताना मी दिव्यानीला एकच सांगितलं, की दादाजीभाऊंना हे कळता कामा नये. तिने हो म्हटलं नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार

यंत्रं कालपासून कानात आहेत. जग इतकं बडबडं असेल असं वाटलं नव्हतं. प्लास्टिकची पिशवी म्हणजे वीज पडल्यासारखी. फोडणीला घाबरून मी उठून उभा राहिलो. आमच्या पंख्याला खोकला आहे. भागीरथा चालताना स्वतःशी काहीतरी गुणगुणते, आणि सुरात गुणगुणते. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी मात्र तिला संगीतातलं कळत नाही हे सगळ्या झाडीपट्टीत सांगून ठेवलं आहे.

दुपारी चौथं गाणं ऐकलं.

झांज आहे. बारीक, कोरडी, कुणीतरी तांदूळ पाखडत असल्यासारखी. यंत्रातून ती जरा पत्र्याची लागते, दिव्यानी म्हणते सवय होईल. ती असल्यामुळे मधल्या पोकळ्या भरल्या आणि ढोल पडेल ही भीती गेली. खर्जाचा माणूस आता एकटा चालत नाही. सोबत कोणीतरी पळतं आहे. दुसऱ्या गाण्यात बासरीसुद्धा सापडली, डाव्या कानात, लाजत लाजत. टोबीने बाविसाव्या वर्षी एवढं सगळं एका खोलीत मांडलं आणि एकाच्या अंगावर दुसरं पडू दिलं नाही. हे चांगलं काम आहे. पूर्ण मागे घेतो, राईस मिलसकट.

तरी माझं बिनझांजेचं गाणंही वाईट नव्हतं. ते फक्त माझ्याजवळ होतं.

८ ऑक्टोबर, मंगळवार. वडसा

कानांवरून रुमाल बांधून तालमीला गेलो. सर्दी आहे म्हणून सांगायचं ठरवलं होतं. वडशात ऑक्टोबरच्या उकाड्यात कानाला रुमाल बांधलेला माणूस कोणाच्याच लक्षात येणार नाही, इतकी हुशार योजना.

पहिल्याच प्रवेशात रुमाल यंत्रावर दाबला गेला आणि ते कुईं करून किंचाळलं. उर्वशी वाक्य विसरली. दादाजीभाऊ माईकवाल्यावर ओरडले. माईकवाला बिचारा तारा तपासू लागला. दुसऱ्यांदा किंचाळलं तेव्हा निकेश माझ्या कानाकडे बघत होता.

मी रुमाल सोडला. मांडीवर घडी करून ठेवला. म्हटलं, "दादाजीभाऊ, माईक नाई. मी आहो. मले बारीक आयकू येत नाई. कानात मशीन बसवली. आता येते."

माईकवाल्याच्या हातातली तार सुटली. ती जमिनीवर पडल्याचं मला नीट ऐकू आलं. दादाजीभाऊंनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "वाजवता येते ना?"

"उर्वशीबाईले म्हणायले लावा."

उर्वशीने "जाते मी" म्हटलं, आणि ती पुटपुटत नाही, हे मला कबूल करावं लागतं. ढोलक उचलली. तिसऱ्या मात्रेनंतर, कोणाला न विचारता, त्या नाव नसलेल्या माणसाची दबकी थाप ठेवली. उर्वशी जाता जाता एक पाऊल अडखळली आणि वळून बघून गेली. नाटकात तसं लिहिलेलं नव्हतं. दादाजीभाऊ म्हणाले, "हे राहू द्या." मला ठेवायचं की नाही, यावर बोलले नाहीत. सीझनभर बघतील. मीही बघेन.

चहाच्या वेळी निकेश पेला घेऊन माझ्याजवळ बसला. मी वाट बघत होतो, आता काय टोमणा मारतो याची. त्याने पेला खाली ठेवला.

"भाऊ, हे कुठी तपासतात?"

"काऊन?"

"माह्या कानात शिट्टी वाजते. दोन सालापासून. दिवसभर. मले वाटे सगळ्याच्याच वाजत असन." तो इतक्या हळू बोलला की मागच्या महिन्यात मला यातला एक शब्द कळला नसता. "घरी नाई सांगतलं कोणाले."

तीस वर्षांचा आहे. त्याची पोरगी अजून रांगते. तालमीत तो डाव्या बाजूला, स्पीकरला खेटून बसतो. मीच त्याला तिथे ढकललं होतं, कारण माझ्या जागेवर मला कोणी नको होतं.

मी म्हटलं, गुरुवारी सोबत जाऊ, सकाळी लवकर निघू. मग उठलो आणि त्याला म्हटलं, एक बाजू धर. आम्ही दोघांनी मिळून तो डाव्या बाजूचा स्पीकर उचलला. त्याचं वजन बघता तो पोटुशी असावा. ओढत ओढत दाराच्या कोपऱ्यापर्यंत नेला, लोकांकडे तोंड करून ठेवला आणि उजव्या बाजूच्या स्पीकरकडे वळलो.

मागून दादाजीभाऊ ओरडले, "अरे, तो डब्बा कुठी नेऊन राह्यले? हेमराज! तुले सांगून राह्यलो!" त्यानंतर माझ्या आणि निकेशच्या घराण्याबद्दल त्यांनी जे काही म्हटलं ते शब्द न् शब्द स्पष्ट ऐकू आलं.

निकेश थांबला. मी त्याला खूण केली, उचल. ऐकू न आल्याचं सोंग मला चांगलं जमतं, इतक्या वर्षांचा सराव आहे.